पंगतीवरची नजर

लष्कर, ग्वाल्हेर
२९ नोव्हेंबर १९३६

प्रिय विमल,

तुझं पत्र पोचलं. उज्जैनच्या शाळेनं तुला मुख्याध्यापिका नेमायचं ठरवलंय आणि तू मात्र 'माझा आवाज चिमणीएवढा, मला कोण जुमानणार' म्हणून पुढच्या आठवड्यात नकार कळवणार आहेस. जरा थांब. आधी तुझ्या बापाची फजिती ऐक.

घसा बसल्यापासून मी किती कुढत होतो, ते तू पाहिलंस. वीस वर्षं पलटणीची कवायत घेतली. माझी हाक किला गेटापर्यंत जाते, असं लोक म्हणायचे. तो आवाज गेला आणि हवालदार सूर्याजी घरी बसला. शेवटी मानसिंगराव सरदारांनी त्यांच्या कोठीवरच्या पंगती माझ्याकडे सोपवल्या. दसऱ्याला दोनशे पानं होती. मी काय करावं? वाढप्यांची रांग लावली, पावलाला पाऊल, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तूपवाला एकच, आणि तोही शिस्तीत सगळ्यांच्या मागे! आता तूप पडून यजमानांनी 'हर हर महादेव' म्हटल्याशिवाय भाताला हात कोण लावणार? अख्खी पंगत गार भाताकडे बघत बसली. मी घोगरं ओरडलो, पण कुणाला ऐकूच जाईना. आमचा आचारी बळवंत कपाळाला हात लावून म्हणाला, "सूर्याजीराव, ही काय परेड आहे? लोक कधीचे भुके बसलेत!" सरदारांनीही बजावलं, तुळशीच्या लग्नाला असंच झालं तर दुसरा माणूस बघू.

काम जाणार या धास्तीनं मला अन्न गोड लागेना. तुळशीच्या लग्नाला मी ओरडायचा नाद सोडला. चार तूपवाले चार जागी उभे केले आणि स्वतः टोकाला राहून पंगतीवर नजर फिरवली. काय सांगू पोरी, सगळं दिसायला लागलं! तिसऱ्या पानावर मीठ नाही, पलीकडच्या आजोबांना पुरी चावत नाही, कोपऱ्यातले मास्तर लाजून मागत नाहीत. मी वाढप्याकडे बघायचो, मग त्या पानाकडे. तो बरोबर तिथे पोचायचा. वीस वर्षं मला वाटायचं, पलटण माझ्या आवाजावर चालते. खरं म्हणजे ती चालायची कुणाचं काय चुकतंय हे मला आधी दिसायचं म्हणून. आता बळवंतही मला विचारल्याशिवाय पानं मांडत नाही, आणि मी मजेत आहे.

परवा हे सगळं आठवत बसलो असताना मुरारचं मैदान डोळ्यांपुढे आलं. तू सात वर्षांची, कठड्यावर बसलेली. कवायत चालू असताना धावत आलीस आणि म्हणालीस, "आबा, त्या मागच्या काकांना चक्कर येतेय." मी सगळ्या पलटणीसमोर तुला झिडकारलं, "आवाज चिमणीएवढा, आणि मला शिकवायला निघालीस!" तू परत कठड्याशी पोचायच्या आत तो शिपाई खाली कोसळला. पन्नास पावलांवरून तुला दिसलं ते मला दहा पावलांवरून दिसलं नव्हतं. हे मी तुला कधीच सांगितलं नाही. तुझ्या पत्रात ते चिमणीचे शब्द वाचले आणि कळलं, ते तुझे नाहीत, माझे आहेत. माझं चुकलं, विमल. ते शब्द मी परत घेतो. आता नकार लिहू नकोस.

तुझाच,
आबा