काचेवर उरलेला रंग

मंगळवार, ४ मार्च

गॅलरीवाल्या बाई आल्या, माझ्या खोलीत तासभर फिरल्या, भिंतीला टेकवलेली मोठी चित्रं एकेक ओढून बघितली, "हं" म्हणाल्या आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेल्या. त्या परत आल्याच नाहीत!

मी आपली ब्रश धरून उभी. म्हटलं, फोन आला असेल. जाऊन बघते तर बाई ओट्यावर वाकलेल्या, चष्मा कपाळावर, नाक डब्यांना टेकायचं बाकी. डब्यांमागे आईने तिचे पुठ्ठे वाळायला उभे केले होते. "हे कोणाचं?" आई गॅस पुसत होती. "माझंच. बसल्या बसल्या आपलं काहीतरी." आणि वर चहा विचारला.

"कमाल आहे," बाई म्हणाल्या. मला नाही. पुठ्ठ्याला!

कॉलेज सुटल्यापासून मी हेच करतेय. शनिवार-रविवार पोरांचे क्लास, एरवी फोटोवरून लोकांच्या सासू-सासऱ्यांची पोर्ट्रेट्स, उरलेल्या वेळात माझं काम. कशासाठी? तर एका बऱ्या गॅलरीने आपलं म्हणावं, वर्षाआड प्रदर्शन लावावं, म्हणजे ही हमाली बंद करून नुसतं चित्र काढता येईल. बाईंकडे ऑक्टोबर रिकामा आहे. एकच जागा. त्यासाठीच आल्या होत्या. माझ्यासाठी आल्या होत्या!

बुधवार, ५ मार्च

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

रविवार, ९ मार्च

लिहून काढते, म्हणजे डोकं शांत होईल.

आईने आयुष्यभर लोकांच्या कपड्यांचं आल्टरेशन केलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तशी ती माझ्याकडे राहायला आली. मशीनला पाय लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. पण हात स्वस्थ बसतील तर ती आई कसली! मी टेबलावर एक जाड काच ठेवते, तिच्यावर रंग कालवते, आणि काम संपलं की तशीच सोडून देते. सकाळी खरवडते. आळशीपणाच. तर एका संध्याकाळी ही सुरी घेऊन हजर. "एवढा चांगला रंग टाकून देतेस? माज आलाय नुसता." जिने जन्मात चिंधी टाकली नाही, ती रंग टाकू देईल होय! सगळा खरवडला, डब्याच्या झाकणात भरला आणि घेऊन गेली. माझ्या फुकट गेलेल्या पुठ्ठ्यांच्या मागच्या बाजूला तिचं सुरू झालं. स्टुलावर फेकलेले कपडे. दोरीवरची चादर. दाराला लटकलेली पिशवी.

मी कौतुक करायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचेसुद्धा. तेव्हा कौतुक करायला काही पडत नव्हतं.

शुक्रवार, १४ मार्च

बाईंचा फोन. मला वाटलं, माझ्यासाठी. "आई आहेत का?"

ऑक्टोबर आईला दिला.

आईने फोन माझ्याकडे दिला, तेव्हा मी लाज सोडून विचारलं — दोघींचं मिळून करायचं का? बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "नको. त्यांचं काम एकटंच उभं राहतं. आणि ते करडे रंग! इतके करडे मी कोणाकडे बघितले नाहीत हो. काही लोकांना रंगाची जाण उपजतच असते."

उपजत!! अहो, ते करडे माझे आहेत! आईने आजवर एक रंग कालवलेला नाही. काचेवर जे राहील ते उचलते आणि लावते. तो निळसर करडा मी जिन्याच्या चित्रासाठी अख्खी सकाळ घालवून जमवला होता. माझ्या जिन्यावर त्याला "हं" आणि तिच्या चादरीवर "उपजत". आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच!

पण सांगू कोणाला? बाईंना सांगितलं तर म्हणतील, पोटात दुखतंय हिच्या. दुखतंयच. आईला सांगितलं तर ती म्हणेल, "मग घे की परत." ते तर त्याहून वाईट.

शनिवार, १५ मार्च

दादाचा फोन. दूर बसून उंटावरून शेळ्या हाकायला याचं काय जातंय! "अगं, बाहेरचं कोणी नाही, आईच आहे. आनंद मान." मी म्हटलं, मानतेय की. तर म्हणतो, "तुझ्या आवाजावरून कळतंय कसा मानतेयस ते."

फोन आपटला. बाहेरची कोणी असती तर चार शिव्या घालून मोकळी तरी झाले असते. आईला शिव्या कशा घालणार? वर तीच सकाळी माझ्यासाठी पाणी तापवून ठेवते.

शुक्रवार, २१ मार्च

आईला चढलीय. चष्म्याची नवी फ्रेम आणली, लाल. शेजारणीला दारातच सांगत होती, "आम्हा आर्टिस्ट लोकांना उजेड उत्तरेचाच लागतो." आम्हा! उजेडाचं ते माझं वाक्य. तेही खरवडून नेलं.

चित्रांचा फ्रेमवाला मापं घ्यायला आला. या माणसाकडून मी वर्षानुवर्षं फ्रेम करून घेते. "मॅडम आहेत?" म्हणाला. मी म्हटलं, ही काय उभी आहे. तर ओशाळून म्हणतो, "तुम्ही नाही हो. मोठ्या मॅडम."

संध्याकाळी काम संपलं. मी टर्पेंटाइन ओतलं, फडकं घेतलं आणि काच पुसून काढली. लख्ख. ठिपका ठेवला नाही. आई झाकण आणि सुरी घेऊन आली. काचेकडे बघितलं. मग माझ्याकडे. "आज अगदी आवरून बसलीस." मी म्हटलं, "तुला वासाचा त्रास नको म्हणून." ती हातातलं झाकण उगाच साडीच्या पदराने पुसत उभी राहिली, मग गेली.

मला बरं वाटलं. इथे कोण वाचायला येतंय — फार बरं वाटलं!

बुधवार, २ एप्रिल

काच रोज लख्ख. आई रोज एकदा डोकावते आणि परत फिरते.

आज बाईंकडून तिच्यासाठी रंगांची मोठी पेटी आली. ज्या ट्यूबा मी दुकानात हातात घेते, वास घेते आणि परत ठेवते, त्या! दुष्काळात तेरावा महिना. आई एकेका ट्यूबचं टोपण उघडून बघत बसली, मशीनच्या रिळांसारखं सगळं ओळीने लावलं. खूश होती. मी डोकं दुखतंय सांगून जेवलेच नाही.

गुरुवार, १० एप्रिल

आईने नव्या रंगांत पहिलं चित्र केलं. भयंकर आहे! चादर पोपटी, भिंत पोपटी, मध्ये लाल खुर्ची बोंब मारतेय. ट्यूब पिळली आणि थापली.

"कसं झालंय?"

"छान."

तिने लाल फ्रेमवरून माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "छान नाहीये गं," म्हणाली. आवाज अगदी साधा. कपड्याचं माप चुकलं तर गिऱ्हाइकाला सांगायची, तसा.

खोलीत येऊन दार लावलं आणि हसू दाबायला उशी तोंडावर धरली. अशी कशी मी? पण हसले.

शनिवार, १९ एप्रिल

आणखी तीन केली. एकापेक्षा एक. एकात तर सगळे रंग मिळून नुसता चिखल. "कालवाकालवी आपलं काम नव्हे बाई," म्हणते. "उरलंसुरलं होतं तेच बरं होतं."

आज क्लासमध्ये एका पोरीने विचारलं, करडा कसा करायचा. मी दाखवलं. निळ्यात थोडा नारिंगी, मग पांढरा, बघ. मिनिटसुद्धा लागलं नाही. पोरगी टाळ्या पिटायला लागली.

घरी आले तर आई तोच चिखल सुरीने उपसत बसलेली. तिला सांगायला तेवढंच मिनिट लागलं असतं. जिभेवर होतं. पण मी पाणी प्यायले आणि आत गेले.

रविवार, २७ एप्रिल

बाई नवी चित्रं बघायला आल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. बाईंनी एक उचललं, ठेवलं. दुसरं उचललं. चष्मा कपाळावर गेलाच नाही. "हे... वेगळंच झालंय," म्हणाल्या. जुनी चांगली आहेत, पण तेवढ्याने अर्धी भिंतही भरत नाही.

आई हसली. "संपलं हो माझं. चार दिवस नवलाई होती, झाली. तुम्ही खोळंबू नका." आणि गुडघा धरून उठली, चहा टाकायला गेली.

बाईंनी हातातलं चित्र ओट्यावर ठेवलं. मग माझ्या खोलीत आल्या. जिन्याचं चित्र नेमकं खिडकीसमोर होतं. आईने सकाळी केर काढताना तिथे सरकवलं होतं, मी तिच्यावर ओरडलेही होते. बाई त्याच्यासमोर स्टूल ओढून बसल्या. या खेपेला चष्मा कपाळावर गेला. बसल्या त्या बसल्याच. "हे करडे," म्हणाल्या, "घराण्यातच आहेत म्हणायचे."

तोंड उघडलं असतं तर काय निघालं असतं, देव जाणे.

ऑक्टोबर माझा! नुसता ऑक्टोबर नाही. पुढेही काम गॅलरीच बघणार, लोकांना दाखवणार, विकणार. जे कॉलेजपासून हवं होतं ते सगळं. सुंठीवाचून खोकला गेला!

आई म्हणाली, "झालं ना मनासारखं? मग आता जेव नीट."

शनिवार, ३ मे

क्लास जूनपासून बंद, असं पालकांना कळवून टाकलं. हात मोकळे. काम असं चाललंय की जेवायची शुद्ध नाही.

आई काढत नाही. पेटी कपाटावर गेली. मी आपलं विचारलं, "काढत का नाहीस?" "येत नाही ते कशाला करायचं?" कुठे राग नाही, टोमणा नाही. एखादा टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

मग मला मोठेपणाचा झटका आला. आज काच पुसली नाही. मुद्दाम चार प्रकारचे करडे भरपूर कालवून ठेवले. तिच्यासाठी. येऊ दे, नेऊ दे, प्रदर्शन तर आता माझंच आहे.

रविवार, ४ मे

सकाळी बघितलं. काचेवरच्या रंगावर साय धरलीय. कोणी सुरी लावलेली नाही.

गुरुवार, ८ मे

शांतपणे विचार केला. मी तिचं काही घेतलेलं नाही. रंग माझे होते. रंग गेले, चित्र गेलं. तिचं त्यात काही असतं तर नव्या ट्यूबांतूनही आलं असतं की! आलं नाही. म्हणजे बाईंना जे आवडलं होतं ते पहिल्यापासून मीच होते, फक्त पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूने. उगाच दोन महिने जीव जाळला. आईचा हेवा करण्यासारखं काही नव्हतंच.

आज छान झोप लागेल.

शुक्रवार, १६ मे

फ्रेमवाल्याचं दुकान बंद होतं, म्हणून लगेच परत फिरले. दार नुसतं लोटलेलं. आई खिडकीशी पाठमोरी, पेटी खाली काढलेली, पुढ्यात पुठ्ठा. खुर्चीवर माझा कामाचा अंगरखा, एक बाही लोंबतेय. पुठ्ठ्यावर तोच अंगरखा; पिवळा, लाल, हिरवा, सगळे ट्यूबमधलेच. आणि बाहीच्या आत एक करडा. तिने कालवलेला. माझ्या काचेवर असला करडा कधी झालेला नाही.

मी दारातच उभी राहिले. असं चित्र तिने आजवर केलेलं नव्हतं. मीही नाही.

तिने जरा मान मागे घेऊन बघितलं. मग रुंद ब्रश पांढऱ्यात बुडवला आणि ओल्या चित्रावरून वरून खाली, वरून खाली फिरवला. सगळ्याचा गुलाबी चिखल होईपर्यंत. सवयीचा हात होता. वळली, तर समोर मी.

"आलीस होय?" म्हणाली. "बघ ना. आजही बिघडलंच."