शेटजी-शेटाणीचा मुक्काम

नारायणगुडा, हैदराबाद
२० डिसेंबर १९५६

चि. सौ. सखूस,

अक्काचा प्रेमाचा सलाम आणि अनेक आशीर्वाद. नामदेवरावांनाही सलाम सांग.

इथे सर्व ठीक. थंडी बेताची. माझा गुडघा दुखतो, पण तो तू इथे असतानाही दुखायचा, तेव्हा त्याचं खापर तुझ्यावर फोडता येत नाही. औरंगाबादला गेल्यापासून तू एक ओळ लिहिली नाहीस, हे मी बोलून दाखवणार नव्हते. दाखवलं.

आधी संडे स्कूलची गंमत ऐक. ख्रिस्तजन्माची गोष्ट मी दरवर्षी सांगते आणि पोरं दरवर्षी जांभया देतात. म्हणून यंदा घरमालकीणबाईंच्या दसऱ्याच्या बाहुल्यांच्या आराशीतली एक जुनी जोडी मागून आणली, मातीचे शेटजी आणि शेटाणी. त्यांना योसेफ आणि मरीया केलं. शेटजीचं पोट असं सुटलंय की पाळकसाहेब म्हणाले, "हा सुतार कसला, किराणावाला दिसतो." मी म्हटलं, नाझरेथला धंदा बरा चालत असेल!

खेळ असा, की रोज संध्याकाळी एका मुलानं ही जोडी घेऊन एका घरी जायचं आणि दारात म्हणायचं, "सरकारी हुकूम आहे, आपल्या गावी निघालोत, आजच्या रात्री जागा द्या." हुकूम म्हणजे काय, हे कुणाला समजवावं लागलं नाही. गेल्या महिन्यात हैदराबाद राज्याचे तुकडे झाल्यापासून प्रत्येकाच्या घरचं कुणी ना कुणी बदलीवर गेलंय. छोट्या इंदूनं विचारलं, "टीचर, योसेफला पण मराठवाड्याची ऑर्डर आली?" मी हो म्हटलं.

एकाही घरानं नाही म्हटलं नाही, सखू. कुसुमताईंनी मरीयेची ओटी भरली, वर हळदकुंकू लावलं. पाळकसाहेबांनी बघून न बघितल्यासारखं केलं. गल्लीतल्या खालाजाननी बशीत खजूर ठेवले. म्हणाल्या, "सफर से आए, थक गए होंगे बेचारे."

काल शेवटचा मुक्काम माझ्याकडे होता. इंदू जोडी घेऊन आली. मी टेबलावरच्या वह्या सरकवून जागा केली, तर म्हणाली, "यहाँ नको टीचर, मरीयेला झोपायला पायजे." आणि सरळ आतल्या खोलीचं दार ढकललं.

"ये तो पूरी खाली है! इथं कोण राहतं?"

"कुणी नाही."

"फिर बंद कायको रखे?"



ऑक्टोबरात तू विचारलंस, "अक्का, तिकडे घर मिळेना. पहिलं बाळंतपण तुझ्याकडे करू का?" आणि मी म्हटलं, आतल्या खोलीत शाळेचं सामान आहे, जागा नाही. सामान कसलं! दोन तक्ते आणि एक फुटकी पेटी. आई गेल्यावर तुझं माहेर म्हणजे मीच, आणि मीच तुला जागा नाही म्हटलं. बदलीचा अर्ज तुम्ही मला न विचारता भरलात, त्याचा राग होता. वाढवलं मी, आणि सोडून जायचं ठरलं कागदावर. मनात म्हटलं, जाते ना, मग जा! तू पदर सावरलास आणि निघालीस. त्या दिवसापासून मी ते दार उघडलं नव्हतं.

नामदेवरावांचं कार्ड आलं होतं. चुलत्याच्या एका खोलीत सात माणसं, आणि तुला सातवा महिना. ते वाचूनही मी पंधरा दिवस गप्प बसले. माझं चुकलं, सखू. फार चुकलं.

आज खोली धुतली. तुझी खाट उन्हात टाकली. तक्ते माझ्या खाटेखाली गेले. शेटाणी अजून आतच आहे, इंदूनं तिला माझी उशी दिलीय.

पहिल्या बाळंतपणाला माहेरचं माणूस न्यायला येतं. आपल्याला भाऊ नाही, म्हणून मीच येते. नाताळची उपासना झाली की सव्वीसला काचीगुड्याहून गाडीत बसते, गुडघ्यासकट. तू दारातच म्हणालीस, "जागा नाही," तर ऐकून घेईन. तो तुझा हक्क आहे. ऐकून उंबऱ्यावर बसेन, पण तुला घेतल्याशिवाय परत जाणार नाही.

उशिरा उघडलेलं, पण तुझंच माहेर,
अक्का