वानरांना घातलेल्या शिव्या

दिग्गी, ता. जोयडा
१५ ऑक्टोबर २०२४

चि. शिल्पा हिला शांतामावशीचे आशीर्वाद, या खेपेला जरा हातचे राखून.

वि. वि. तुझं ते पुस्तक मी पाहिलं. तू पाठवलं नाहीस, प्रशांतनं आणलं. माझ्या थोरल्या जावेचा, केशरक्काचा मुलगा तो. गणेशगुडीला पाहुण्यांची जीप चालवतो. पुण्याची चार पोरं त्याच्या जीपमध्ये बसून काहीतरी लावून खिदळत होती. ऐकतो तर चुलतीचा आवाज! त्यानं ते पुस्तक त्यांच्याकडून मागून घेतलं.

पुस्तक तरी कसं म्हणू? झेरॉक्सवाल्यानं फेकून दिलेले काळे कागद गोळा करून वर तिरकी टाचणी मारल्यासारखं दिसतं. आमच्या सोसायटीच्या नोटिसा बऱ्या. वर लुगडं नेसलेल्या वानराचं चित्र, कपाळाला कुंकू नाही. तेवढी मात्र काळजी घेतलीस! आणि खाली ठळक अक्षरांत माझंच वाक्य: केशरे, तुझ्या नवऱ्याचा ताप उतरला का गं? बघूनच शिसारी आली.

मागच्या दिवाळीत तू शेतातल्या माळ्याखाली ती काळी पेटी ठेवलीस, तेव्हा पाखरांचे आवाज घेते म्हणालीस. मी भोळी, तुला वर कणगाचे कंद उकडून खाऊ घातले. अगं, भात पिकलं की दिवसभर माळ्यावर बसून वानरं हाकायची असतात. इथली प्रत्येक बाई वानरांना घरच्यांची नावं देते नि वर्षभर गिळलेलं सगळं त्यांना ऐकवते. सासू, नणंद, जाऊ, कुणी सुटत नाही. शेजारच्या शेतात सगळं ऐकू जातं आणि कुणीही ऐकलेलं नसतं. घरी आलं की तीच जाऊ नि तीच पेज. झाकली मूठ म्हणतात ती हीच, आणि ती तू चव्हाट्यावर उघडलीस.

पुस्तकात कसलासा कोड होता म्हणे. प्रशांतनं त्यावरून सगळं मोबाइलवर उतरवलं आणि मजा म्हणून रविवारी त्यांच्या अंगणात लावलं. मोठे भावोजी, म्हणजे केशरक्काचे यजमान, एरवी जंगलखात्याच्या कामावर असतात, त्या दिवशी नेमके घरी. त्यांनी विचारलं की ताप कुणाला आला होता. केशरक्का उठून आत गेली. त्याला आज नऊ दिवस झाले, तिचं दार माझ्यासाठी बंद आहे. पुढच्या महिन्यात कापणी. आजवर दोन्ही घरांनी मिळूनच केली, एकटीनं मी काय कापू?

फोन करू नकोस. रेंज त्या एकाच खडकावर आणि तिथं सदा सहा जण उभे. काय ते लिहून कळव.

तुझी (सध्या नाइलाजानं)
शांतामावशी

पुणे
२३ ऑक्टोबर २०२४

ती. शांतामावशीस शिल्पाचा साष्टांग नमस्कार, कान धरून.

वि. वि. तुझं पत्र तीनदा वाचलं. तू रागावणार हे वाटलं होतं, म्हणूनच तुला पाठवायला धजले नाही. त्याअर्थी मनात कुठंतरी मला कळत होतं.

पण आधी हे काय आहे ते ऐक. गेल्या वर्षी ऑफिसातली एक मैत्रीण मला टायरच्या दुकानावरच्या एका खोलीत घेऊन गेली. जमिनीवर चादरी अंथरलेल्या आणि त्यांवर माणसांनी स्वतः लिहून, स्वतः छापून, स्वतः शिवलेल्या पुस्तिका. त्यांना झीन म्हणतात. एकीनं तिच्या वडिलांचे न पाठवलेले रजेचे अर्ज छापले होते. एकानं बंद पडलेल्या बसथांब्यांचा नकाशा काढला होता. किरण नावाचा मुलगा पन्नास-साठच कॅसेट काढतो, त्यात भाताच्या गिरणीचा आवाज, जत्रेत हरवलेल्या मुलांची नावं पुकारणारा माणूस, असलं कुणी कधी काढणार नाही ते. मावशी, मी तिथं चार तास बसले. दिवसभर साबणाच्या वेष्टणावर फुलं काढणाऱ्या मला वाटलं, हे खरं आहे. इथं संपादक नाही, कुणाची परवानगी नाही, कुणाला विचारायचं नाही. तेच त्याचं मोठेपण.

मग वाटलं, यात माझी मावशी का नको? साठ प्रती केल्या, प्रत्येकीसोबत किरणनं काढलेली तुझ्या आवाजाची कॅसेट, एका दुपारी संपल्या. सगळे हसले हे खरं, पण एक मुलगी शेवटपर्यंत हसली नाही. तिनं तिच्या आईसाठी म्हणून घेतली. तुझं नाव मी कुठंही घातलेलं नाही.

एक मात्र कळलं नाही. वानरीला केशर म्हटलं म्हणून केशरकाकूंनी दार बंद करावं इतकं त्यात काय आहे? आणि ती तापाची काय गोष्ट आहे? मला तर ती सगळ्यात गमतीची ओळ वाटली.

रागावलीस तरी पत्र बंद करू नकोस.

तुझी
शिल्पा

दिग्गी
४ नोव्हेंबर २०२४

चि. शिल्पास, आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून ओकारी यायची बाकी राहिली. कुणाला विचारायचं नाही हे तुमचं मोठेपण! त्या ‘कुणाला’मध्ये मीही आले, नाही का? नाव घातलं नाही म्हणतेस. अगं, बाईचा आवाज उचललास नि नाव तेवढं ठेवून गेलीस, वर उपकार!

गमतीची ओळ. तर ऐक. सहा वर्षांपूर्वी, भर आषाढात, सकाळी तुझ्या काकांच्या छातीत कळ आली. जीप येते तो रस्ता इथून तीन मैल. कांबळ्याच्या झोळीतून न्यायचं तर चार माणसं लागतात. तीन मिळाली. चौथ्यासाठी मी केशरक्काच्या दारात गेले. ती म्हणाली की ह्यांना सणसणून ताप आहे, पांघरूण घेऊन पडलेत. आणि मागच्या अंगणातून तासणीचा आवाज येत होता. भावोजी तिथं नांगर तासत बसले होते.

थोरल्या दिराला हाक मारायची आमच्यात रीत नाही. मी पदर सावरला नि परत आले. चौथा माणूस मिळेपर्यंत दुपार झाली आणि तुझे काका वाटेतल्या ओढ्यापर्यंतही पोचले नाहीत. त्या रीतीची मला किळस येते, आणि ती पाळणाऱ्या माझी त्याहून जास्त. तोंडावर कधी विचारू शकले नाही म्हणून सहा वर्षं वानरीला विचारत आले. तुमची पोरं त्याला हसतात. आणि तो माणूस आपल्या अंगणात बसून विचारतो की ताप कुणाला! इतका कोडगेपणा मी जन्मात पाहिला नाही.

दिवाळी झाली. दोन्ही घरांत दिवे लागले, बोलणं नाही. मी माळ्यावर चढते, तोंड उघडते आणि वाटतं, साठ घरं कान लावून बसलीत. आवाजच फुटत नाही. वानरं निवांत बसून खातात. खालचे दोन तुकडे गेले.

हे सगळं तुला लिहून झालं, आता हेही छापून टाक.

शांतामावशी

दिग्गी
९ नोव्हेंबर २०२४

शिल्पाला केशरकाकूचा आशीर्वाद. अक्षर प्रशांतचं, बोलणं माझं.

दिवाळीत आलेलं तुझं माफीचं पत्र त्यानं वाचून दाखवलं. माफी तू कशाला मागतीस? शांता शिव्या घालती ती केशर मीच. सा वर्सं वड्याच्या अल्याडनं मला ऐकू येत हुतं. शेतातलं ऐकायचं नसतं म्हणून ऐकलं न्हाई.

ताप कुणाला नव्हता. आदल्या दिवशी वड्यानं गावातल्या कान्हूला वाहून नेलंतं, अजून घावला नव्हता. वड्यातनं झोळी न्यायची म्हंजे काय, मला ठाव हुतं. दारात शांता दिसली आणि तोंडातनं ताप म्हणून निघालं. इचार बी केला न्हाई. ह्ये मागं तासत हुते, त्यांना म्या सांगितलंच न्हाई शांता आलती म्हणून. नांगर घेऊन शेतावर गेले ते सांजेला परतले, भाऊ गेल्याचं कळलं तवा ह्ये म्हणाले, शांतानं मला का बोलवलं न्हाई? म्या म्हटलं, काय की.

ह्यांच्या मनात शांताचा राग आणि शांताच्या मनात ह्यांचा. मधी बसून सा वर्सं दोघांना वाढत आली ती मी. माझ्याच हाताची मला घाण येती.

त्या रविवारी अंगणात तो आवाज लागला आणि ह्यांनी ताप कुणाला म्हणून विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी म्या त्यांना समदं सांगितलं. तवापासनं ह्ये माझ्या हातचं खात न्हाईत. आपलं आपण भात शिजवतात, अर्धा कच्चा. माणूस वाळून चाललाय.

ह्ये पत्र तू शांताला धाड. तिचं दार माझ्या दारापासनं बारा पावलं हाय, पर माझ्यानं जाववत न्हाई. पुण्यावरनं जाऊ दे.

केशरकाकू

ता. क. शिल्पाताई, आईनं सांगितलं तसंच लिहिलं. ह्यातलं मला काही माहीत नव्हतं. लिहिता लिहिता दोनदा बाहेर जाऊन आलो.
प्रशांत

दिग्गी
२० नोव्हेंबर २०२४

चि. शिल्पास अनेक आशीर्वाद, आता काही राखून न ठेवता.

वि. वि. तुझी चिठ्ठी आणि सोबतचं केशरक्काचं पत्र पोचलं. साठातल्या एकतीस कॅसेट परत मिळाल्या म्हणतेस. किरणला सांग, बाकीच्यांच्या मागं लागू नका, आणि ह्या मला पाठवू नकोस. तुझं तू बघ.

पत्र वाचलं. सहा वर्षं ज्याला मनात कोडगा म्हटलं तो निर्दोष निघाला, याचा आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. केशरक्काचा आलाच आणि तो जाईल असं वाटत नाही. तिला मी माफ केलेलं नाही, आणि तिनं माफी मागितलेलीही नाही.

काल सकाळी भावोजी विळा घेऊन माझ्या शेतात उतरले. वर बघेनात, बोलेनात. कापत सुटले. दुपारपर्यंत निम्मं शेत आडवं केलं. खंगून काठी झालीय त्यांची, दर दोन हातांवर थांबून धापा टाकत होते. केशरक्का पेजेचं भांडं घेऊन आली, तिनं ते बांधावर ठेवलं. त्यांनी पाठ फिरवली. ती तिथंच बसली, उठेना.

मला दोघांचाही वीट आला. भांडं उचललं, त्यांच्यापुढं नेऊन ठेवलं आणि म्हटलं की भावोजी, पेज प्या. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्याशी आपणहून बोलले. त्यांनी खाली बघतच विचारलं की कुणी केली. मी सांगितलं की मी केली.

दोन वाट्या प्याले. तीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिच्या पेजेची चव कळली नसेल असं नाही. पण त्यांनी पुन्हा विचारलं नाही. केशरक्कानं बांधावरून सगळं ऐकलं. आम्ही तिघं संध्याकाळपर्यंत कापत राहिलो.

तेव्हापासून माझ्या तोंडाला कडू चव आहे, शिल्पा. इतकी वर्षं मी धरून चालले होते की असलं खोटं बोलायला मनात आधी काहीतरी सडलेलं असावं लागतं. काही लागत नाही गं. समोर आपलं माणूस असलं की झालं. तोंडातून निघूनच जातं.

लोभ होताच, तो तुझ्या करणीनं आटलेला नाही. शिमग्याला ये. पेटी घरी ठेवून ये.

तुझी
शांतामावशी