तुळशीरामाच्या टोपीपुढची काच

पनवेल, मार्गशीर्ष, सन १९५९

मोरा बंदरावरची माझी धाकटी भैन रंभा हिला थोरलीचा आशीर्वाद. तुझा गुडघा कसा हाय? माझा पण दुखतो, पण कोण विचारत नाय.

परवा उरणचा तुळशीराम बायको नि मुलगा घेऊन माझ्या नातीला, मालूला बघायला आला. (खांद्याला डुकरं मारायची बंदूक. पोरगी बघायला आला का शिकारीला, देवाला ठाऊक.) बोलणी जमत आली होती, तेवढ्यात मालूचा भाऊ कमळाकर, मुंबईला काचेच्या कारखान्यात हाय तो, एक जाडजूड तुकडा घेऊन पुढं आला. म्हणे, हिच्यातून बंदुकीची गोळी जात नाय. ही एक काच नसते म्हणे. काच, मग आरपार दिसणारा चिवट पापुद्रा, परत काच, परत पापुद्रा, असे थर तापवून दाबून एक करतात. गोळी आली की वरची काच तडकते, गोळीचा जोर चहूकडं पांगतो, पापुद्रा ताणतो पण सोडत नाय, नि गोळी दमून आतच बसते. ब्यांकेत पैसे देणाऱ्या कारकुनापुढं, मोठ्या लोकांच्या मोटारीला, लढाईच्या विमानाला ती लावतात. (आपल्या पडवीत कशाला आणलीस, विचारलं तर टिचक्या मारून दाखवतो.)

तुळशीराम म्हणाला, बघूच. थाप निघाली तर थापाड्यांच्या घरची पोरगी नको. मालूचं तोंड उतरलं. मग पेंढ्याच्या उडवीला पाटा लावला, पाट्याला काच टेकवली, नि काच-पाट्याच्या मधे तुळशीरामानं आपली नवी टोपी ठेवली. त्यानंच बार उडवला. धूरच धूर. आमची शेळी दावं तोडून, उडवीला धडकून पळाली. बघतो तर काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे.

"फुटली! उठा गो, निघा!" तुळशीराम ओरडला.

मी म्हणाले, "व्याहीबुवा, काच नव्हती वाचवायची, टोपी वाचवायची होती. भोक दाखवा."

त्यानं टोपी फिरवली, उलटी केली, उजेडाला धरली. भोक नाय. परत बसला, चहा प्याला, पुनवेचा साखरपुडा ठरवून गेला. (मुलगा बार उडाला तेव्हा आईच्या मागं लपला होता. मालू म्हणते, चालेल, अक्कल हाय.)

तुझी थोरली,
भामा

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण, साखरपुड्याला सुके बोंबील पाठव. मागच्यासारखे रेतीनं भरलेले नकोत.

आणखी ता. क. आज शेळी बांधायला गेले, तर गोळी शेवग्याच्या खोडात, माझ्या डोक्याच्या वर रुतलेली. काचेत काय नाय. ते तडे शेळीच्या शिंगांचे. तुला तुळशीरामाची बायको उरणच्या बाजारात भेटते. अक्षता पडेपर्यंत तोंड उघडलंस तर बघ. बोंबील नाय आले तरी चालतील. कमळाकरला पण सांगितलं नाय, तो सध्या विमान स्वतःच बनवल्यागत चालतोय.