मुंबई ते दुबई, तीन तास

टेमघर, भिवंडी
नोव्हेंबर २००६

ओसामाभाई, सलाम.

१. मंगळवारी पहाटे अब्बा गेले.
२. दुबईहून फोनवर तू म्हणालास, "सकाळच्या विमानाने निघतो."
३. दफन दुपारच्या नमाजानंतर होतं. मी ते संध्याकाळपर्यंत थांबवलं.
४. तू आला नाहीस.

विमानाला तीनच तास लागतात, हे मीच सगळ्यांना सांगितलं होतं. हारूनचाचा चिडले, "सना, मय्यत अशी ठेवत न्हाय. तुझी डिप्लोमाची गणितं हितं नको." अम्मीने मात्र माझं ऐकलं. आता तिला वाटतं, तू मुद्दाम आला नाहीस. तुझं नाव काढलं की ती उठून आत जाते.

मला तसं वाटत नाही. मी अंतर बरोबर धरलं, पण तुझा पासपोर्ट मालकाने ठेवून घेतला असेल, हे धरलंच नाही. फोनवर तुझ्यामागे कोणी तरी "जल्दी कर" म्हणत होतं. तसं असेल तर मी तिकडच्या भारतीय दूतावासात अर्ज देईन. पण माझा अंदाज चुकला, तर तुझी नोकरी जाईल.

तिकडे पत्रं आधी मालक उघडतो, असं तूच सांगितलं होतंस. म्हणून हे अजून टपालात टाकलेलं नाही; तिकडे येणारं कोणी भेटलं की त्याच्या हाती देईन.

पासपोर्ट तुझ्याकडे आहे का, एवढंच हे मिळाल्यावर येणाऱ्या शुक्रवारपर्यंत कळव.

तुझी बहीण,
सना