तार गुलाबी नव्हती

३ नोव्हें.
आईचं चित्र झालं एकदाचं. सिनेमाच्या पोस्टरसारखं. भडक पिवळा रंग, छपाईच्या ठिपक्यांचा चेहरा, मोठा गॉगल, मागे गुलाबी काटेरी तार. गॅलरीसाठी खाली आईचं नाव आणि दोन ओळी लिहून दिल्या: 'इंग्रजांनी आम्हा फासेपारध्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात डांबलं. माझी आई तिथे जन्मली.' गॅलरीच्या बाईंनी 'डांबलं'चं 'ठेवलं' केलं. वर, "वारलीसुद्धा करता का?"

८ नोव्हें.
हडपसरला, दादाकडे. आई तिथेच असते. चित्राचा फोटो दाखवला. बराच वेळ बघून म्हणाली, "तार गुलाबी नव्हती गं."
दादा भडकला. सोसायटीत, ऑफिसात सगळे त्याला मराठा समजतात; पवार आडनावावर निभावतंय. लिफ्टमध्ये आईने आपली बोली बोलायची नाही, हा त्याचा नियम.
"तिचं नाव काढ त्यातून."
नाही काढणार, म्हटलं.

१५ नोव्हें.
उद्घाटन. गॉगलशेजारी सेल्फी. "किती फन आहे ना हे." खालच्या ओळी वाचायला कुणी वाकलं नाही. तेवढा एक पेपरवाला वाकला.

१७ नोव्हें.
बातमी आली. आईच्या नावासकट. दादाचंही शोधून छापलंय.

१९ नोव्हें.
दादाच्या बिल्डिंगमधली सायकल चोरीला गेली. आई भाजी घेऊन परतली तर वॉचमनने गेटवर पिशवी उघडायला लावली. सेक्रेटरी शेजारी उभे. "गैरसमज नको, आजी. सगळ्यांचंच बघतोय."
सायकल शोधतायत. मेथीच्या जुडीखाली.
दादा बाल्कनीतून बघत होता. उतरला नाही. हे त्यानेच फोनवर सांगितलं, मग म्हणाला, "झालं तुझं समाधान?"

२० नोव्हें.
आईला येरवड्याला माझ्याकडे आणलं. सेक्रेटरींना फोन केला. "अहो मॅडम, आपण कलाकार. आपण समजून घ्याल." पुढे मी जे बोलले ते इथे नको.
दादा फोन उचलत नाही.

२४ नोव्हें.
गॅलरीच्या बाईंचा फोन. यांना कुठून कळलं कुणास ठाऊक. "पिशवीची गोष्ट फार पॉवरफुल आहे हो. पुढचं चित्र हेच करा." संताप झाला. त्याहून जास्त स्वतःचा, कारण रंग मला आधीच दिसायला लागले होते...
आईला विचारलंच शेवटी, पिशवीचं चित्र काढू का म्हणून.
ती म्हणाली, "आपण कोण ते चित्र बघून लोकांना कळलं. कळल्यावर त्यांनी काय केलं तेही तू बघितलंस. अजून काढणार?"
"हो," म्हटलं.
तिने पाणी मागितलं. दिलं. पेला तसाच ठेवून भिंतीकडे तोंड करून पडली.