बांधावर नसलेली हर्षाली

वाशिंद,
३ मार्च २०२५

ती. कोंडूकाका यांस,
हर्षालीचा सा. न. वि. वि.

फोन तुम्ही उचलत नाही आणि दारात आले तर तोंड फिरवून गोठ्यात जाता, म्हणून कागदावर लिहिते. ऑस्ट्रेलियात वर्षभर हिंडायचा आणि हिंडता हिंडता काम करायचा व्हिसा तरुणांना मिळतो. सोडतीत माझं नाव निघालंय. पदवी आहे, इंग्रजीची परीक्षा पास झाले, डॉक्टरी तपासणीही उरकली. पुढच्या वर्षी मी वयात बसणार नाही. राहिला फक्त पोलिसांचा दाखला, आणि तो तुमच्यामुळे अडलाय.

गेल्या वर्षी बांधावरून तुमची आणि बाबांची मारामारी झाली. तक्रारीत तुम्ही बाबांसोबत माझंही नाव घातलंत. त्या दिवशी मी इथे कंपनीत कामावर होते, हे तुम्हाला पुरतं ठाऊक आहे. माझं नाव काढा. अर्जाची मुदत या महिनाअखेर संपते.

तुमची पुतणी (नातं मी मोडलेलं नाही),
हर्षाली

मुरबाड,
९ मार्च

हर्षालीस,
आशीर्वाद लिवायची रीत आहे म्हणून लिवले. मनात नाय.

तुझ्या बापानं माज्या डोक्यात फावड्याचा दांडा घातला, टाके पडले, तवा तुला काका आठवला नाय. आता परदेशी जायचंय तर आठवला. गावातला शेखर सांगत होता, तिकडं पोरी मळ्यात फळं तोडाय जातात. घरच्या भाताच्या चिखलाला कदी पाय लावला नाय तू, आन् गोऱ्याच्या मळ्यात राबाय चाललीस!

नाव काढतो. पण आदी तुझ्या बापानं, अनंतानं, बांध होता तिथं सरकवावा, आन् चार माणसांत माज्या पाया पडावं. धाकटा आहे, पडायलाच पायजे. नायतर बस वाशिंदला.

उत्तराची मला घाई नाय. मुदत तुझी आहे.
कोंडू

वाशिंद,
१६ मार्च

ती. काका,
या वेळी नमस्कार नाही.

गावी येऊन तुमचं पत्र बाबांना वाचून दाखवलं. ते पहार उचलून बांध सरकवायला निघाले. मी आडवी आले. म्हणाले, तुझं काम होत असेल तर पडतो पाया, त्यात माझं काय झिजतंय? मी सांगितलं, तुम्ही त्या दारात वाकलात तर मी तिकीटच काढणार नाही.

पोलिसांकडे जाऊन तक्रार वाचली. सकुकाकींच्या जबाबात आहे, हर्षालीने दगड मारला, मी डोळ्यांनी पाहिलं. काकी इतक्या खोटारड्या असतील असं मला वाटलं नव्हतं. तुमच्याहून जास्त राग त्यांचा आला. कंपनीतल्या हजेरीचा कागद दिला, पण डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार आहे तोवर नाव निघायचं नाही म्हणतात.

मग राहू दे. मी जाणार नाही आणि बांधही हलणार नाही. सणावाराला आमच्याकडे फिरकू नका.
हर्षाली

मुरबाड,
२४ मार्च

हर्षाली,
तुझा कागद यांच्या आदी माज्या हाती पडला. मी वाचला. जबाबात काय लिवलंय ते मला म्हाईत नव्हतं गो. हे म्हनले, इथं सही कर, मी केली. दगडाचं माज्या तोंडी घातलंय ते तुझ्या कागदातून कळलं.

काल एकटी पोलिसांत गेले. सांगितलं, पोर तिथं नव्हती, मी पायली नाय, लिवून घ्या. साहेब बोलला, बाई, नवरा काय म्हनंल? मी बोलले, म्हनायचं ते मला म्हनंल, तुमी लिवा. तुझं नाव निघालं. दाखला देतो म्हनलाय, मुदतीच्या आत जाऊन घे. घरात हे ताट सरकवून उठतात.

पन हरखून जाऊ नको. तुझ्या बापानं दांडा मारला तो मी पायलाय. त्याला मी माफ करनार नाय. बांध आमचाच, कोर्टात बी तेच सांगीन. निघताना पाया पडाय येऊ नको, दार उघडनार नाय. मला खोटारडी लिवलंस ते तेवढं मागं घे.

तिकडं जाऊन काय फळं तोडायची ती तोड. पन कुनी बोट दाखवलं म्हनून न वाचता सही करू नको.

लोभ नाय. तरी सुखरूप पोच.
सकुबाई